दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, इंफाळवर चालून आलेला जपानी सेनापती मुतागुची एवढ्या वरच्या पदावर कसा पोचला, आणि इतक्या मोठ्या पराभवानंतरही जपानी सैन्याने त्याच्यावर खटला का भरला नाही?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्या नेमणुका एकामागोमाग लावून पाहिल्या की बरीचशी सापडतात.

मुतागुची रेन्या (जपानी पद्धतीने आडनाव आधी) हा सागा प्रांतातला, जन्म १८८८ चा. १९१० मध्ये तो सैनिकी अकादमीच्या २२ व्या तुकडीतून बाहेर पडला आणि १९१७ मध्ये आर्मी स्टाफ कॉलेजातून. यातला दुसरा टप्पा निर्णायक. स्टाफ कॉलेजात थेट भरती नव्हती. आधी पलटणीत काही वर्षं काढायची, मग परीक्षा द्यायची, आणि निवड झालीच तर तीन वर्षांचा अभ्यास. वर्षाला पन्नासच्या आसपास अधिकारी तिथून निघत आणि सेनामंत्रालय, जनरल स्टाफ इथल्या मोठ्या खुर्च्या बहुतांशी त्यांच्यातच वाटल्या जात. अभ्यासाचा भर होता डावपेचांवर. रसद हा दुय्यम विषय, आणि वाहतूक दलाच्या अधिकाऱ्याला पायदळवाले जवळजवळ हमाल समजत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९३६ पर्यंत तो टोकियोत जनरल स्टाफमध्ये होता. त्या वर्षी २६ फेब्रुवारीला तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं. ते फसल्यावर 'कोदोहा' (बंडवाल्यांना जवळचा, कट्टर सम्राटनिष्ठ अधिकाऱ्यांचा) गटाच्या लोकांची राजधानीतून पांगापांग झाली आणि त्या गटाकडे झुकलेल्या मुतागुचीची रवानगी चीनमध्ये एका पायदळ रेजिमेंटवर झाली. म्हणजे ती शिक्षाच होती. पण ७ जुलै १९३७ च्या रात्री पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी त्याच्याच रेजिमेंटची एक कंपनी सरावाला गेली होती. गोळीबाराचे आवाज आले, एक शिपाई सापडेना (तो थोड्या वेळाने आपणहून परतला), आणि पहाटे मुतागुचीने वरिष्ठांना न विचारता बटालियनला प्रतिहल्ल्याची परवानगी दिली. चीन-जपान युद्धाला तोंड फुटलं ते इथे. त्याचा ब्रिगेड कमांडर होता कावाबे मासाकाझु. त्याने कानउघाडणी केली नाही आणि पुढच्याच वर्षी मुतागुची मेजर जनरल झाला. न विचारता पुढे घुसलं तरी चालतं, हा धडा माझ्या मते त्याने इथेच घेतला.

१९४० मध्ये लेफ्टनंट जनरल, १९४१ मध्ये १८ व्या डिव्हिजनचा प्रमुख, मग मलाया आणि सिंगापूर. १९४२ च्या उत्तरार्धात ईशान्य भारतावर चढाईचा बेत वरून आला, तेव्हा रस्ते नाहीत, रसद पोचणार नाही म्हणून विरोध करणारा मुतागुचीच होता! १९४३ च्या सुरुवातीला ब्रिटिश अधिकारी विंगेटचे चिंडिट (शत्रूच्या पिछाडीला घुसून लढणारी त्याची फौज) तेच डोंगर ओलांडून ब्रह्मदेशात घुसले आणि त्याचं मत फिरलं: ते येऊ शकतात तर आपणही जाऊ शकतो. पण चिंडिटांना रसद विमानातून मिळत होती. हा फरक त्याने मोजलाच नाही. मार्च १९४३ मध्ये तो १५ व्या आर्मीचा सेनापती झाला. त्याचा चीफ ऑफ स्टाफ ओबाता वाहतूक दलातला, रसदीचा जाणकार. त्याने योजना अशक्य असल्याचं सांगितलं आणि थोड्याच काळात त्याची उचलबांगडी झाली.

इथे वाचकांची एक नेहमीची गफलत होते. जपानी 'आर्मी' म्हणजे ब्रिटिश मापाने साधारण एक कोअर, म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणारी फौज. मुतागुचीकडे इंफाळसाठी मुख्यतः तीन डिव्हिजन होत्या: १५, ३१ आणि ३३. मार्च १९४४ मध्ये त्या निघाल्या तेव्हा शिपायाकडे सुमारे तीन आठवड्यांचं अन्न होतं. पुढचं शत्रूच्या कोठारांतून घ्यायचं. शिवाय हजारो गुरं बरोबर होती. ती ओझं वाहतील आणि मग खाता येतील, असा हिशेब. मैदानी बैल डोंगरवाटांवर टिकत नाही. बरीच जनावरं चिंदविन नदी ओलांडताना गेली, बाकीची कड्यांवरून किंवा उपासमारीने.

शत्रूची कोठारं मिळतील हा हिशेब मलायात बरोबर ठरला होता, कारण तिथे वेढा पडला की ब्रिटिश फौज माघार घ्यायची. फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनारपट्टीत वेढलेली ब्रिटिश-भारतीय फौज विमानाच्या रसदीवर टिकून राहिली. इशारा तिथेच मिळाला होता. इंफाळलाही तसंच झालं. त्याआधी इंफाळच्या वाटेवरच्या सांगशाक गावी ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने, आणि तिच्याबरोबर लढलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनने, जपान्यांचे मोलाचे दिवस खाल्ले. तीन आठवड्यांची शिदोरी असताना एकेक दिवस म्हणजे तेवढा भात कमी.

आता खटल्याकडे. कोहिमाला ३१ व्या डिव्हिजनचा सातो कोतोकु दाणागोटा मागत राहिला, तो आला नाही, आणि मेअखेरीस त्याने हुकूम मोडून माघार सुरू केली. मुतागुचीने मोहीम चालू असतानाच तिन्ही डिव्हिजनप्रमुख बदलायला लावले. पण डिव्हिजनप्रमुखाची नेमणूक थेट सम्राटाच्या नावाने होत असे. खटला भरायचा तर प्रकरण सम्राटापर्यंत जाणार, आणि खटल्यात रसदीचा सगळा हिशेब बाहेर येणार. सातोला तर खटला हवाच होता! डॉक्टरांकरवी त्याला मानसिकदृष्ट्या अस्वस्थ ठरवून विषय मिटवला. सातोचा खटला टाळल्यावर मुतागुचीचा कोण चालवणार? त्याचा वरिष्ठ तर पुन्हा कावाबेच होता, ब्रह्मदेशातल्या सैन्याचा प्रमुख म्हणून. जूनच्या सुरुवातीला दोघे भेटले. मोहीम थांबवायला हवी हे दोघांना कळत होतं, पण तोंडाने कोणीच बोललं नाही. मुतागुची नंतर म्हणाला की कावाबेने ते चेहऱ्यावरून ओळखावं अशी त्याची अपेक्षा होती. थांबायचा हुकूम जुलैत निघाला. मधल्या महिन्यात पाऊस, आमांश आणि मलेरियाने किती माणसं नेली असतील याचा अंदाज करा. संपूर्ण मोहिमेत मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ३०,००० धरले जातात.

ऑगस्टमध्ये मुतागुचीला हटवलं, डिसेंबरमध्ये राखीव यादीत टाकलं, आणि जानेवारी १९४५ मध्ये परत बोलावून अकादमीच्या पूर्वतयारी शाळेचा प्रमुख केलं. तिथे तो १९४१ पूर्वीही प्रमुख होता. युद्धानंतर ब्रिटिशांनी त्याला सिंगापूरला नेलं, १९४८ मध्ये तो सुटला आणि १९६६ मध्ये वारला.

त्याला 'जनरल' म्हणतात ते ढोबळ अर्थाने. पूर्ण जनरल, म्हणजे 'ताइशो', तो कधीच झाला नाही. कावाबे झाला, मार्च १९४५ मध्ये.