रस्ता बंद करायचा, तर टोकाला उभे कोण राहणार?

प्रश्न : आमची गल्ली जेमतेम दीडशे मीटर लांबीची असून दोन्ही बाजूंना घरे आहेत. जवळपास मैदान नसल्यामुळे मुले घरातच बसून असतात. महिन्यातील एका रविवारी दुपारी दोन-तीन तास ही गल्ली वाहनांसाठी बंद ठेवून मुलांना खेळू द्यावे, असे आम्हा काही पालकांना वाटते. काही शेजाऱ्यांचा मात्र विरोध असून, ‘रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे?’ असे एका गृहस्थांनी तोंडावरच विचारले. परवानगी कोणाकडे मागावी आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर : त्या गृहस्थांचा प्रश्न खोचक असला तरी गैरलागू नाही. रस्ता आपल्या मालकीचा नाही, आणि म्हणूनच तो स्वतःच्या मर्जीने दोरी बांधून अडवता येत नाही. तो ज्या यंत्रणेच्या ताब्यात आहे, म्हणजे बहुतेक ठिकाणी स्थानिक प्रशासन आणि वाहतुकीचे नियमन करणारे पोलीस, तिची लेखी परवानगी घेणे ही पहिली अट होय. पण रस्ता सर्वांचा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या ‘सर्वां’मध्ये मुलेही येतात, हे त्या गृहस्थांना नम्रपणे सांगायला हरकत नाही. 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या कलम 31 मध्ये विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून नोंदवलेला आहे.

आपली कल्पना नवीनही नाही. न्यूयॉर्कमध्ये 1914 साली पोलिसांच्याच पुढाकाराने काही रस्ते ठरावीक वेळी मुलांच्या खेळासाठी मोकळे ठेवले गेले. ब्रिटनमध्ये 1938 साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे मोटारी वाढल्या आणि ही प्रथा मागे पडली. परंतु 2009 साली ब्रिस्टल शहरातील दोन मातांनी आपल्या राहत्या रस्त्यावर शाळा सुटल्यानंतरच्या वेळात ती पुन्हा सुरू केली, आणि 2011 मध्ये तेथील नगर परिषदेने अशा तात्पुरत्या बंदसाठी अर्जाची सोपी पद्धत घालून दिली. अर्जासोबत ही उदाहरणे जोडल्यास अधिकाऱ्यांना आपली मागणी विचित्र वाटणार नाही.

सुरुवात मात्र अर्जापासून करू नये. ती दारोदार जाऊन करावी. गटसंदेश पाठवून ‘सर्वांना कळवले’ असे समाधान मानणारे आयोजक मी पुष्कळ पाहिले आहेत आणि नेमक्या त्यांच्याच गल्लीत पहिल्या दिवशी वादावादी होते. प्रत्येक घरी समक्ष जावे, विशेषतः ज्या घरांत लहान मुले नाहीत तेथे आधी जावे. रात्रपाळी करून दुपारी झोपणारे कोणी आहे का, कोणाकडे अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि ठरल्या वेळी येणारी परिचारिका आहे का, कोणाला त्याच वेळी गाडी काढावी लागते का, याची माहिती अशा भेटींतूनच मिळते, आणि पुष्कळदा वेळ तासभर पुढे-मागे केल्याने विरोध मावळतो. कायमची संमती मागण्याऐवजी ‘तीन वेळा करून पाहू, मग पुन्हा बसून ठरवू’ असा प्रस्ताव मांडावा, कारण माघार घेण्याची वाट मोकळी असली की माणसे सहज होकार देतात. या भेटींच्या सह्या अर्जाला जोडाव्यात. अर्जात तारीख, वेळ, बंद राहणाऱ्या भागाची दोन्ही टोके, पर्यायी मार्ग आणि जबाबदार व्यक्तींची नावे स्पष्ट लिहावीत. अर्ज पुरेसा आधी द्यावा आणि बंदची सूचना आठवडाभर अगोदर दोन्ही टोकांना लावावी, म्हणजे गाडी बाहेर उभी करायची असेल त्यांना ती हलवता येईल.

आता मुख्य मुद्दा. अडथळे लावले म्हणजे रस्ता बंद झाला, असे समजू नका. रस्ता बंद राहतो तो त्या अडथळ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसामुळे. आमच्या वस्तीतील पहिल्याच प्रयत्नात आम्ही एका टोकाला बाकडे आडवे ठेवून निर्धास्त झालो होतो. एक दुचाकीस्वार खाली उतरला, त्याने शांतपणे बाकडे बाजूला केले, आत शिरला आणि सभ्य माणूस असल्यामुळे बाकडे पुन्हा जागेवर ठेवून पुढे गेला. मधल्या भागात सहा-सात मुले खडूने चित्रे काढत बसली होती. त्याच्या दृष्टीने त्याने काहीच गैर केले नव्हते, कारण त्याला अडवून दोन शब्द सांगणारे तेथे कोणीही नव्हते.

म्हणून प्रत्येक टोकाला एक प्रौढ स्वयंसेवक, चटकन नजरेत भरेल असा अंगरखा घालून आणि शिट्टी घेऊन, पूर्ण वेळ उभा असावा. अर्ध्या तासाने पाळी बदलावी; त्याहून जास्त वेळ उभे राहिले की लक्ष गप्पांकडे किंवा फोनकडे जाते. आडवाटेने जाणाऱ्या वाहनांना पर्यायी मार्ग दाखवावा, परंतु गल्लीतील रहिवाशांची गाडी अडवू नये. त्यांच्यासाठी स्वयंसेवकाने शिट्टी वाजवावी, मुलांनी खेळ थांबवून रस्त्याच्या कडेला यावे, आणि स्वयंसेवकाने गाडीच्या पुढे चालत तिला दारापर्यंत पोहोचवावे. हे कवायतीसारखे वाटेल, पण त्यामागे साधे गणित आहे. ताशी 30 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात आठ मीटरहून अधिक अंतर कापते, आणि चालकाने धोका ओळखून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. माणसाच्या चालीने येणारी गाडी तेवढ्याच वेळात दीड मीटरही सरकत नाही. शिवाय लहान मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग नीट अजमावता येत नाही.

खरा धोका बाहेरून येणाऱ्या गाडीपेक्षा आतच उभ्या असलेल्या गाडीचा असतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. मागे घेतल्या जाणाऱ्या गाडीच्या चालकाला पाठीमागे बसलेले मूल दिसत नाही. तेव्हा आतील कोणतीही गाडी स्वयंसेवकाला सांगितल्याशिवाय सुरू करायची नाही, एवढा एकच नियम सर्व घरांकडून मान्य करून घ्यावा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाडीसाठी सुमारे चार मीटर रुंदीची वाट सतत मोकळी राहिली पाहिजे आणि अडथळे एका माणसाला क्षणात उचलता येतील असेच असावेत.

खेळ कोणते घ्यावेत, हे आपण विचारलेले नाही, ते बरेच झाले. सायकली, दोऱ्या आणि खडू दिले की बाकीचे मुले स्वतः पाहतात. प्रत्येक पालकाने आपल्या मुलाची जबाबदारी स्वतःकडे ठेवावी, हे मात्र सूचनेतच छापावे. स्वयंसेवक रहदारी सांभाळतात, मुले नव्हे.

शेवटची दहा मिनिटे सर्वांत नाजूक असतात, कारण रस्ता खुला झाला तरी मुलांच्या मनात तो अजून बंदच असतो. वेळ संपण्यापूर्वी दहा मिनिटे शिट्टी वाजवून सामान गोळा करावे, मुलांना घरी पाठवावे, दोघा स्वयंसेवकांनी दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत चालत येऊन उभ्या गाड्यांच्या खाली आणि मागे वाकून पाहावे, आणि त्यानंतरच अडथळे काढावेत.

प्रश्न : आमच्या घरांसमोरील रस्त्यावरून बस जाते. तेथेही असा बंद करता येईल का?

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बसमार्ग, दवाखान्याकडे जाणारा एकमेव रस्ता किंवा ज्याला पर्यायी मार्ग नाही असा रस्ता अडवल्यास शेकडो अनोळखी लोकांची गैरसोय होते, परवानगी मिळणे कठीण जाते आणि मिळाली तरी टोकावरील स्वयंसेवकाचा सगळा वेळ भांडणांत जातो. आपल्या घरांच्या मागील बाजूस एखादी आडगल्ली असल्यास तेथील रहिवाशांशी बोलून पाहावे. एका टोकाला बंद असलेली गल्ली असेल तर उत्तमच, कारण तेथे एकाच बाजूला पहारा लागतो.