वाचक विचारतात: अडीअडचणीला कामी येईल अशी रायफल कुठली?

मागच्या अंकात अलास्कात राहणाऱ्या मराठी मंडळींवर लेख आला होता, त्यात सर्व्हायव्हल रायफलचा, म्हणजे रानात अडकलं तर हाताशी असावी अशा छोट्या रायफलचा, ओझरता उल्लेख होता आणि तेवढ्यावरून बरीच पत्रं आलीत. निवडक चार घेतोय. कायदे देशादेशाचे वेगळे आहेत, तेव्हा दुसऱ्याचं उत्तर स्वतःला लावून घेऊ नका.

प्रश्न: मी फेअरबँक्सला असतो, ग्रीनकार्ड आहे. मित्राकडे छोटं विमान आहे, उन्हाळ्यात आम्ही लांबच्या तळ्यांवर मासे धरायला जातो. विमानात कायमची ठेवायला एक रायफल घ्यायची आहे. मला ती दस्त्यात सगळे पार्ट बसतात ती एआर-७ आवडलीये, मित्र म्हणतो सरळ एआर-१५ घे, एकाच बंदुकीत ससा पण आणि अस्वल पण. तुमचं काय मत?

उत्तर: मित्राचं ऐकलंत तर हाती धुपाटणं येईल. एआर-१५ ची नेहमीची .२२३ ची गोळी सशाला लागली की खायला फारसं उरत नाही आणि तीच गोळी ग्रिझलीला लागली की तो मरण्याऐवजी चिडायची शक्यता जास्त. म्हणून आधी ठरवा की रायफल पोटासाठी हवीये की अस्वलासाठी, कारण या दोन कामांना एक बंदूक नसते, जो असते म्हणतो तो विकायला बसलेला असतो.

पोटासाठी असेल तर .२२ लाँग रायफल, त्यात दुमत नाही. तिची ५०० काडतुसं साधारण पावणेदोन किलो भरतात, मोठ्या .३०८ ची तेवढीच घेतलीत तर बारा किलोच्या आसपास जातात, आणि विमानात एकेक किलो मोजून टाकावा लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही, स्नोशू हेअर म्हणजे तिकडचा ससा, ग्राऊस, टार्मिगन असले पक्षी, एवढ्यासाठी पुरेशी. तोटा एक, रिमफायर काडतूस (ज्याचं पेट घेणारं द्रव्य बुडाच्या कडेत असतं) असल्यामुळे अधूनमधून एखादा बार फुसका निघतो, म्हणून स्वस्तातला लॉट उघडा डब्यात टाकून ठेवू नका, चांगल्या कंपनीचं घ्या आणि हवाबंद ठेवा.

आता एआर-७. ही कल्पना मुळात अमेरिकन हवाई दलाची, विमान पडलं तर वैमानिकाकडे काहीतरी असावं म्हणून १९४९ मध्ये त्यांनी एम-४ नावाची .२२ हॉर्नेटची बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे ओढायचा) रायफल घेतली, मग एका नळीत .२२ हॉर्नेट आणि दुसरीत .४१० ची छर्‍याची काडतुसं अशी दुनळी एम-६ आली, मग १९५६ ला आर्मालाइटची एआर-५. त्याच कंपनीच्या यूजीन स्टोनरने, म्हणजे एआर-१५ च्याच जनकाने, १९५९ च्या सुमारास नागरिकांसाठी एआर-७ आणली. आता १९९७ पासून ती हेन्री कंपनी बनवते. वजन दीडेक किलो, घडी केली की साडेसोळा इंच, आणि पाण्यात पडली तर तरंगते. तळ्यावर उतरणाऱ्या माणसाला हे सगळं फार मोहात पाडतं, कळतंय मला.

पण मला ती पहिली पसंती म्हणून आवडत नाही. तिचा दस्ता आतून पोकळ आणि इतका जाड की गालाला नीट लागत नाही. नळी नटाने आवळलेली असते, तो नट जरा सैल राहिला की नेम सरकतो आणि थंडीत ग्लोव्ह घालून तो नट आवळताना तुम्ही मला आठवाल. शिवाय ती काडतुसाच्या बाबतीत चोखंदळ आहे, जोरकस हाय व्हेलॉसिटी काडतूस लागतं, मंद काडतूस घातलं की रिकामी टरफलं बाहेर पडायच्या आधीच अडकतात. ती न घेण्यापेक्षा बरी आहे, एवढंच. तुमच्या जागी मी असतो तर रुगर १०/२२ टेकडाऊन घेतली असती, मूळ १०/२२ १९६४ पासून विकली जातेय, स्पेअर पार्ट कुठेही मिळतात, टेकडाऊनचे दोन तुकडे होतात ते एका सॅकमध्ये बसतात, दहा गोळ्यांचं गोल मॅगझिन वर्षानुवर्षं चालतं. किंवा त्याहून साधी, .२२ ची बोल्ट ॲक्शन, कारण ती तुम्ही भराल ते काडतूस चालवते, मंद असो की जलद. स्कोप लावलात तरी खाली लोखंडी साइट (नेम धरायची साधी खूण) ठेवाच, पडलेल्या विमानात काच पहिली फुटते.

अजून एक, शिकारीवर जगू हा भ्रम आधी काढून टाका. दिवसभर बर्फात फिरून एक ससा मिळाला तर जेवढी ताकद गेली तेवढी परत येत नाही, आणि सशात चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे नुसत्या सशावर माणूस पोट भरूनसुद्धा खंगत जातो. अलास्काच्या कायद्याने विमानात काय असलंच पाहिजे अशी वर्षानुवर्षं अट होती ते बघा ना, माणशी आठवडाभराचं अन्न, कुऱ्हाड, फर्स्ट एड, गळ-दोरी, चाकू, आग पेटवायचं साधन, डासांची जाळी, सिग्नलची साधनं. बंदूक पूर्वी त्या यादीत होती, नंतर काढली. गळ-दोरी मात्र राहिली, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं, मासा धरताना माणूस बसून असतो. त्याच पैशात सॅटेलाइट मेसेंजर घेतला नसेल तर आधी तो घ्या.

अस्वलाचं म्हणाल तर आधी बेअर स्प्रे, आणि रायफलच हवी असेल तर .३०-०६ किंवा त्याच्या वरची बोल्ट ॲक्शन, वेगळी. जीव वाचवायला अस्वल मारावं लागलं तर कातडं आणि कवटी काढून फिश अँड गेम खात्याला द्यावी लागते, तिथेच सोडून निघून येता येत नाही.

प्रश्न: मी पुण्याची, मुलगा कॅनडात यलोनाइफला जिऑलॉजिस्ट आहे. त्याने फोटो पाठवला, त्यात लाल स्वेटशर्ट घातलेली माणसं आहेत आणि त्यांच्या बंदुकीचा दस्तासुद्धा लालसर. ही लष्करातली माणसं का? आणि इतक्या भारी देशात बंदूक अशी जुन्या पद्धतीची, एकेक गोळी ओढायची, का?

उत्तर: काकू, ते कॅनेडियन रेंजर्स. लष्कराच्या राखीव दलाचाच भाग, बरेचसे इनुइट आणि इतर मूळनिवासी, स्वतःच्या गावात राहून उत्तरेकडचा भाग राखतात, कुणी हरवलं तर शोधायला जातात. दल १९४७ पासूनचं आहे आणि तेव्हापासून त्यांच्याकडे होती ली-एनफील्ड, म्हणजे आपली थ्री नॉट थ्री! आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यानपिढ्या होती ती. आपल्याकडे २६/११ नंतर तिच्यावर एवढी टीका झाली, आणि ती रास्तच होती, पण रेंजर्सनी तीच जवळजवळ सत्तर वर्षं कौतुकाने वापरली कारण त्यांच्यासमोर अतिरेकी नव्हते, ध्रुवीय अस्वल आणि उणे चाळीसची थंडी होती. शेवटी स्पेअर पार्ट मिळेनासे झाले तेव्हा नवीन आली, सी-१९, फिनलंडच्या टिक्का रायफलवरून कॅनडातच बनवलेली, .३०८ ची, दहा गोळ्यांचं मॅगझिन. आणि काकू, नवीन घेतानाही त्यांनी बोल्ट ॲक्शनच घेतली. घोड्याभोवतीची कडी मोठी ठेवलीये, जाड ग्लोव्हसकट बोट जावं म्हणून, आणि दस्ता लाल, बर्फात पडली तर दिसावी म्हणून. मला विचाराल तर संकटासाठी रायफल कशी असावी याचा याहून चांगला नमुना नाही.

थंडीत बंदूक बिघडते ती बहुतेक वेळा तेलाने. नेहमीचं तेल घट्ट होतं आणि बोल्ट चिकटल्यासारखा चालतो, मग काडतुसावर आपटणारी पिन कडक बसत नाही आणि काडतूस उडत नाही, म्हणून तिकडे तेल जवळपास पुसूनच टाकतात. दुसरी गोष्ट, बाहेरून आणलेली रायफल गरम तंबूत घेतली की लोखंडाला घाम सुटतो, अगदी फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखा, आणि तीच ओली रायफल पुन्हा बाहेर नेली की आत बर्फ धरतो, म्हणून ती बाहेरच थंड राहू देतात, खोळीत गुंडाळून. मुलगा फील्डवर जाणार असेल तर त्याला एवढं विचारा, कंपनी अस्वलासाठी माणूस सोबत देते का. त्याने स्वतः रायफल घ्यायची तर सेफ्टीचा कोर्स आणि लायसन्स लागतं, दुकानात जाऊन उचलून आणता येत नाही.

प्रश्न: सिएटलला एच-वन-बी वर आहे. ऑगस्टमध्ये बायको-मुलांसह अलास्का हायवेने गाडीने जायचा प्लॅन आहे. ग्रुपवर सगळे म्हणतात एखादी स्वस्त रायफल गाडीत असू दे. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ, आणि ग्रुपवर जे सांगतायत त्यांना आधी त्यांचा व्हिसा कुठला ते विचारा. एच-वन, एच-फोर, एफ-वन अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. अपवाद मोजके आहेत, त्यातला लोकांना माहीत असलेला म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. बरेच आपले लोक रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेऊन फोटो टाकतात, त्यांना हे गावीही नसतं, कारण भाड्याची असली तरी बाळगणंच झालं. गुन्हा फेडरल आहे, ग्रीनकार्डच्या रांगेत उभं असताना असला धोका कोण घेतो. हंटिंग लायसन्सच्या आधारावर घ्यायचीच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, ग्रुपशी नाही.

त्यात तुमचा रस्ता कॅनडातून जातो. बॉर्डरवर बंदुकीचं डिक्लेरेशन भरून फी द्यावी लागते, हँडगन तर विसराच, आणि सेमी ऑटोमॅटिकचे (जी पुढची गोळी आपोआप भरते तिचे) नियम २०२० पासून बदलत चाललेत. मुलं मागच्या सीटवर आणि तुम्ही बॉर्डरवर कागद दाखवताय, कशाला. बेअर स्प्रे न्या, पण डब्यावर तो जनावरांसाठी आहे असं छापलेलं पाहिजे, माणसांसाठीचा पेपर स्प्रे कॅनडात चालत नाही. स्पेअर टायर दोन घ्या, पेट्रोल पंप दिसला की टाकी भरा. त्या रस्त्यावर अस्वलापेक्षा टायर जास्त त्रास देतो.

प्रश्न: आम्ही चिपळूणचे, सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक करतो. बिबट्या, रानडुक्कर असतात. आजोबांची ठासणीची बंदूक माळ्यावर आहे, ती इमर्जन्सीला सोबत नेली तर? की छर्‍याची बरी?

उत्तर: दोन्ही नको. तुमच्या डोक्यावरचा कोयना-चांदोलीचा पट्टा म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, गोळी झाडायची गरजसुद्धा नाही. हवेच्या दाबावर चालणारी साधी .१७७ ची छर्‍याची बंदूक लायसन्सशिवाय मिळते म्हणून ती जंगलात चालते असं नाही, आणि तिने बिबट्याला टिकलीसुद्धा लागणार नाही. ट्रेकवर माणसं अडकतात ती वाट चुकून, पाणी संपून, निसरड्या कातळावरून घसरून, नाहीतर आग्या माश्या उठल्यावर. यातल्या कशावर गोळी घालणार? शिट्टी, हेडटॉर्च, जास्तीचं पाणी, चार्ज केलेली पॉवरबँक, आणि रेंज मिळेल तिथून ११२.

तुमच्या पत्रातली खरी इमर्जन्सी मला माळ्यावरची वाटली. आजोबांच्या पश्चात ते लायसन्स कुणाच्या नावावर झालंय का? शेतीच्या राखणीचं म्हणून पूर्वी कोकणात अशी बरीच लायसन्स दिलेली आहेत आणि म्हातारा माणूस गेल्यावर बंदूक तशीच पडून राहते, घरच्यांना वाटतं जुनी आहे, गंजलीये, काय होतंय. तसं नसतं, विनालायसन्स हत्यार ते हत्यारच. पोलीस स्टेशनला जाऊन जमा करा, पावती घ्या, आणि ठेवायचीच असेल तर वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. खाली उतरवण्याआधी नळीत जुनी दारू भरलेली नाही ना एवढं मात्र जाणत्या माणसाकडून बघून घ्या, ठासून ठेवलेल्या बंदुका निघतात अजून.