दोन भाकरीत सव्वा किलो?

"मॅडम, रात्री दोनच भाकऱ्या खाल्ल्या हो. सकाळी काट्यावर उभी राहिले तर सव्वा किलो जास्त! दोन भाकरीत सव्वा किलो वाढतं होय?"

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत आहाराविषयी बोलायला येणारे बरेच जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतात. फक्त भाकरीच्या जागी कुणाचा भात असतो, कुणाची पुरणपोळी. विचारणाऱ्या ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय ४१. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी चार-पाच किलो कमी करायला सांगितलेलं. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. रोजची तारीख, समोर वजन. रविवार ६८.४, सोमवार ६९.६, मंगळवार ६९.१, मग ६८.८, ६८.५, ६८.९, ६८.३. आणि प्रत्येक आकड्यापुढे लाल पेनची खूण. वजन उतरलं की 'बरोबर', चढलं की फुली. पोरांच्या वह्या तपासायच्या त्याच पेनने बाई रोज सकाळी स्वतःला तपासत होत्या. फुलीच्या दिवशी समासात बारीक अक्षरात लिहिलेलं : 'दुपारी जेवले नाही.' 'फक्त ताक.'

आधी हिशेब केला. शरीरात एक किलो चरबी साठायची तर गरजेपेक्षा साधारण ७७०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. म्हणजे १.२ किलोला नऊ हजारांच्या वर. ज्वारीची एक भाकरी दीडशे कॅलरीची धरली तर साठ-एकसष्ट भाकऱ्या, त्याही रोजच्या जेवणाच्या वर, एका रात्रीत. ताई हसल्या, पण चेहऱ्यावर पटल्यासारखं दिसेना. काट्याने तर वाढवून दाखवलं होतं ना.

मग खोलीतल्या काट्यावर त्यांना उभं केलं : ७०.१. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात दिली, सावकाश पिऊन टाका म्हटलं. पुन्हा उभ्या राहिल्या : ७०.६. "आता सांगा, दोन मिनिटांत अर्धा किलो जाड झालात का?" त्या काट्याकडेच बघत राहिल्या.

मग त्या रविवारपाशी आलो. आदल्या दिवशी, शनिवारी, त्या दिवसभर नुसत्या ताकावर होत्या. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिठूळ पदार्थांपासून बनलेला ग्लायकोजेनचा साठा असतो, सगळा मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. उपाशी राहिलं की साठा खर्च होतो, पाणी सुटतं, काटा उतरतो आणि वहीत 'बरोबर' पडतं. जेवलं की साठा भरतो आणि पाणीही परत येतं. चरबी दोन्ही वेळा जवळपास होती तिथेच. त्यातून रविवारी रात्री नणंदेकडे गप्पा मारता मारता भडंगाची परात रिकामी झालेली, जोडीला पापड, लोणचं. सांगलीचं भडंग कुणी मोजून खात नाही, हे मीही इथलीच असल्यामुळे सांगू शकते. तेवढं मीठ पोटात गेलं की शरीर एक-दोन दिवस जास्तीचं पाणी धरून ठेवतं. शिवाय उशिरा जेवलेलं अन्न सकाळी पोटात असतंच, त्याचंही वजन भरतं. खरं तर ती भाकरी बिचारी उगाच बदनाम झाली.

इथवर ठीक चाललं होतं. पुढे चूक मी केली. रोजचा ताप नको म्हणून सांगितलं, आठवड्यातून एकदाच वजन करा, सोमवारी. आमच्याकडे रविवारी मटण आणि रस्सा ठरलेला, म्हणजे सोमवारचा काटा हमखास वर. लागोपाठ दोन सोमवारी ताई रडवेल्या होऊन आल्या. आठवड्यातला एकच आकडा आणि नेमका तोच फुगलेला.

त्या दुसऱ्या सोमवारी त्यांचे यजमान सोबत आले होते. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी. कोपऱ्यातल्या खुर्चीवर गप्प बसून ऐकत होते. मी पाण्याचं पुन्हा समजावायला लागले तसे म्हणाले, "आवो मॅडम, पावसाळ्यात हळदीचं पोतं ओल धरतंय, वजन वाढतंय. म्हणून काय हळद वाढली म्हणायचं? आम्ही कांडी मोडून बघतो. टण्ण आवाज आला तर वाळलीया, नाही आला तर पाण्याचंच वजन." मग बायकोकडे वळून, "अगं, तुझं पोतं ओल धरतंय, एवढंच."

ताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पोतं हा शब्द घरी गेल्यावर महागात पडणार हे मला कळलं. पण माझ्या तासाभराच्या बोलण्याने झालं नव्हतं ते तिथे झालं.

मग नवा नेम ठरवला. रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच जागी. जागेवरून वेगळीच कथा निघाली. घर जुनं, शहाबादी फरशीचं. "मोरीपाशी ठेवला तर चारशे ग्रॅम कमी दाखवतो," असं सांगत ताई काटा घरभर फिरवत होत्या! काट्याच्या चार पायांवर भार सारखा पडला नाही, खाली सांधा किंवा पायपुसणं आलं, तर आकडा चुकतो. सपाट, टणक जागा बघून तिथे खडूने चौकोन आखायला सांगितला. आकडा लिहायचा आणि वही मिटायची. लाल पेन शाळेत ठेवायचा. रविवारी साताची बेरीज करून सरासरी काढायची आणि सरासरीची तुलना फक्त सरासरीशी करायची.

त्या पहिल्या वहीतल्या आठवड्याची सरासरी होती ६८.८. नव्या नेमाच्या आठवड्यांची आली ६८.९, ६८.४, ६८.१. पहिलीत थोडी वाढ का, म्हणून पाळीच्या तारखा वहीत घालायला लावल्या. पाळीच्या आधीचे चार दिवस बरोबर तिथेच बसले. त्या दिवसांत कितीतरी बायकांचं वजन पाण्यामुळे किलो-दीड किलोही वर जातं आणि पाळी सुरू झाली की उतरतं. "वीस-पंचवीस वर्षं पाळी येतेय, हे कुणी सांगितलंच नाही," ताई म्हणाल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही.

रोजचं वजन सगळ्यांना मानवतं असं नाही. एका कॉलेजच्या मुलीचा काटा मी सरळ कपाटावर ठेवायला लावला होता. सकाळचा आकडा बघून ती दिवसभर खायचं की नाही ते ठरवायची. तिथे सरासरीचा काही उपयोग नव्हता, तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आणि प्रत्येक चढउतार पाण्याचाच म्हणून सोडायचाही नसतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असलेल्यांनी तर नक्कीच. काही न करता महिनोन्महिने वजन घटत चाललं तरीही तपासणी हवी. ताईंना हे सगळं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सूज नव्हती, थायरॉईड आणि साखर डॉक्टरांनी आधीच तपासली होती.

परवा आल्या तेव्हा वहीत निळी शाई. एका सोमवारी ६९.२, पुढे फक्त 'भाच्याचा साखरपुडा'. आणि त्या दिवशी दुपारी जेवल्या का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "जेवले की. डबा नेला होता."

शेवटचं पान मात्र बुधवारनंतर कोरं. काट्याचा सेल संपला होता. "दुकान शाळेच्या वाटेवरच आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी बाजारात जाणारच आहे, तेव्हा आणीन."