उदासीन कागद कंगव्याकडे का ओढला जातो?

केसांवर घासलेला कंगवा उदासीन, म्हणजे न घासलेल्या कागदाचे कपटे का ओढतो, आणि काही कपटे चिकटून लगेच का उडतात, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे, आणि तो पडायला निम्मी जबाबदार आपली शिकवण्याची पद्धत आहे. ‘विजातीय प्रभार ओढतात, सजातीय ढकलतात’ एवढं सांगून लगेच कंगवा आणि कागदाचे कपटे दाखवतात. केसांवर घासून कंगवा ऋण झाला, मान्य. पण कागद कुणी घासला?

उदासीन म्हणजे प्रभारच नसलेला, असं नव्हे. कागदात धन आणि ऋण प्रभार अफाट आहेत, फक्त समसमान. कंगवा जवळ आला की कागदाच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन अणू न सोडताच किंचित पलीकडे सरकतात. अलीकडची बाजू जराशी धन होते, पलीकडची तेवढीच ऋण. हे ध्रुवीकरण. म्हणजे ओढणंही आहे आणि ढकलणंही. मग दोन्ही एकमेकांना खोडून का काढत नाहीत? इथे फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोमने १७८५ मध्ये मांडलेला नियम कामाला येतो: अंतर दुप्पट झालं की बल चौथाई. धन बाजू कंगव्याला जवळ, ऋण बाजू लांब, त्यामुळे ओढ वरचढ ठरते. फरक इवलासा असतो, पण कपटाही हलकाच! कंगवा थोडा वर धरला तर काहीच हलत नाही, त्याचं कारण हेच.

काही कपटे चिकटून मग टुणकन उडतात, असंही तुम्ही लिहिलंय. ॲल्युमिनियमच्या वर्खाचे बारीक तुकडे घेऊन बघा, फार स्पष्ट दिसेल. तुकडा कंगव्याला टेकतो, थोडे इलेक्ट्रॉन त्याच्यावर येतात, तोही ऋण होतो आणि ढकलला जातो. ‘थोडे’ म्हणजे किती? एक नॅनोकूलोम (कूलोम या प्रभाराच्या एककाचा अब्जावा भाग) म्हटलं तरी सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. कंगव्यात एकूण जेवढे असतात त्यापुढे हा आकडा किरकोळच.

म्हणून एखादी वस्तू प्रभारित आहे का हे आकर्षणावरून ठरवू नका. उदासीन वस्तूही ओढली जाते. खात्रीची कसोटी प्रतिकर्षण, म्हणजे ढकललं जाणं.

दमट दिवसात प्रयोग फसतो त्याचा दोष लोक सरसकट हवेला देतात. मुख्य कारण वेगळं आहे. कंगव्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यावरून प्रभार तुमच्या हाताकडे निसटतो. धातूचा चमचा हातात धरून घासला तरी हेच होतं, फक्त क्षणात. त्याला प्लास्टिकची मूठ लावून घासा, प्रभार टिकेल.