आई-वडिलांना घेऊन बँकॉकमध्ये टॅक्सीशिवाय फिरता येईल का?

आपण साताऱ्याहून विचारले आहे की, दिवाळीनंतर पत्नी आणि सत्तरीतले आई-वडील यांच्यासह पाच दिवस बँकॉकला जाताना रोजची टॅक्सी न करता रेल्वे, मेट्रो आणि बोटीने शहर पाहता येईल का. मी सांगलीचा असून व्यापाराच्या निमित्ताने माझे तिकडे जाणे-येणे असते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनाही मी तिथे फिरवले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की येईल, परंतु ते जमणे किंवा न जमणे बहुतांशी हॉटेल ठरवतानाच निश्चित होते.

याचे कारण असे की बँकॉकमध्ये एकच एक मेट्रो नाही. उंच खांबांवरून धावणारी बीटीएस 5 डिसेंबर 1999 रोजी सुरू झाली, प्रामुख्याने जमिनीखालून जाणारी एमआरटीची निळी मार्गिका 2004 मध्ये आणि सुवर्णभूमी विमानतळाची रेल्वे 2010 मध्ये. या तिन्ही व्यवस्था वेगवेगळ्या वेळी उभ्या राहिल्या. त्यामुळे त्या जिथे एकमेकींना भेटतात तिथेही बहुधा स्थानकांची नावे वेगळी असतात, एका फाटकातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरावे लागते आणि तिकीटही वेगळे काढावे लागते. साताऱ्याहून एसटीने स्वारगेटला उतरून पुढे पुणे मेट्रोने जाताना आपण जसे नवे तिकीट काढतो, तसाच हा प्रकार आहे. तरुण माणसाला त्याचे काही वाटत नाही. मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसाला प्रत्येक बदल म्हणजे एक जिना, एक रांग आणि बरेचसे चालणे असते.

म्हणून मुक्काम असोक परिसरात करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बीटीएसचे असोक आणि एमआरटीचे सुखुमवित ही स्थानके एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे दोन्ही मार्ग हाताशी राहतात. नदीकाठी अधिक वेळ घालवायचा असेल तर सिलोम भागात, म्हणजे बीटीएसचे साला देंग आणि एमआरटीचे सिलोम यांच्याजवळ राहिले तरी तितकेच सोयीचे होते. खाओ सान रोडवरील स्वस्त खोल्यांचा मोह मात्र आपण टाळावा. तो भाग कितीही प्रसिद्ध असला तरी तिथून मेट्रोचे स्थानक दूर पडते. हॉटेलच्या जाहिरातीतल्या ‘स्थानकाजवळ’ या शब्दावरही विसंबू नये. सुखुमवित हा मोठा रस्ता असून त्याला फुटणाऱ्या गल्ल्या, ज्यांना तिथे सोई म्हणतात, काही ठिकाणी किलोमीटरभर आत जातात. अशा गल्ल्यांच्या तोंडाशी नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले उभे असतात आणि स्थानिक लोक त्यांच्या मागे बसून घरी जातात. आपल्या वडिलांना त्या वाहनावर बसवण्याचा विचारही करू नये. नकाशावर हॉटेलपासून स्थानकाच्या दारापर्यंतचे चालण्याचे अंतर पाहूनच खोली पक्की करावी.

विमानतळाची रेल्वे सुवर्णभूमीच्या इमारतीच्या तळघरातूनच सुटते, सुमारे 28 किलोमीटर अंतर अर्ध्या तासाच्या आत तोडते आणि तिचे सर्वाधिक भाडे 45 बाट (थायलंडचे चलन) आहे. असोकला जाण्यासाठी शेवटच्या फाया थाय स्थानकापर्यंत न जाता मक्कासानला उतरावे, जोडपुलावरून एमआरटीच्या फेत्चबुरी स्थानकात जावे आणि तिथून पुढचेच स्थानक सुखुमवित. हे सगळे ठीक असले तरी चार माणसे, चार बॅगा आणि रात्रभराचे जागरण असताना मी स्वतः पहिल्या दिवशी टॅक्सीच करतो. चौघांचे रेल्वेभाडेच दीडशे बाटच्या वर जाते आणि शिवाय तिकीट दोनदा काढावे लागते. टॅक्सीचे मीटर 35 बाटपासून सुरू होते, त्यावर विमानतळाचे 50 बाट आणि महामार्गाचा टोल द्यावा लागतो. चौघांत विभागल्यास हा खर्च जड वाटत नाही. निग्रहाने टॅक्सी टाळण्याचा तो दिवस नव्हे.

तिकिटांबाबत थोडे तपशिलाने लिहितो, कारण माणसे इथेच अडखळतात. बीटीएससाठी आधी पैसे भरून वापरायचे रॅबिट कार्ड मिळते. ते घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो आणि प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते. दिवसातून एखाद-दुसराच प्रवास असेल तर यंत्रातून सुटे तिकीट काढले तरी चालते. एमआरटीच्या निळ्या मार्गिकेवर गोल प्लॅस्टिकचे टोकन मिळते, जे आत जाताना यंत्राला टेकवायचे आणि बाहेर पडताना खाचेत टाकायचे असते. याच मार्गिकेवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचे बँक कार्ड थेट फाटकाला टेकवूनही जाता येते, मात्र एका कार्डावर एकच माणूस. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे आपल्याकडची नवी कार्डे परदेशातील वापरासाठी मुळात बंदच असतात. तेव्हा परदेशातील व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय या दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्याव्यात.

राजवाडा आणि त्याच्या आसपासची मंदिरे हा आई-वडिलांच्या दृष्टीने सहलीचा गाभा असेल, आणि 2019 पासून हा प्रवास फार सोपा झाला आहे. सुखुमवितला निळ्या मार्गिकेत बसावे आणि गाडी न बदलता सनाम चायला उतरावे. वाटेत वाट मंगकॉन हे स्थानक लागते (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर), तेच चायनाटाउन. सनाम चायचे फलाट जमिनीच्या बरेच खाली आहेत, खांब आणि छत जुन्या राजवाड्याच्या शैलीत सजवलेले आहे, आणि वर यायला सरकते जिने व लिफ्ट दोन्ही आहेत. बाहेर पडल्यावर पहुडलेल्या बुद्धाचे वाट फो काही मिनिटांवर आहे. राजवाड्याचे प्रवेशद्वार त्याहून पुढे असल्याने उन्हापूर्वी सकाळीच निघावे. रस्त्यात एखादा हसतमुख गृहस्थ ‘आज राजवाडा बंद आहे, माझ्या टुकटुकमधून दुसरे मंदिर दाखवतो’ असे म्हणाला तर त्याला नमस्कार करून पुढे चालू लागावे.

वाट फोच्या मागे था तियान हा धक्का आहे. तिथून लहान नाव पलीकडच्या काठावरील वाट अरुणला मोजक्या बाटमध्ये पोहोचवते, आणि चाओ फ्राया नदीतून धावणाऱ्या चाओ फ्राया एक्स्प्रेसच्या मोठ्या बोटीही तिथेच थांबतात. या मोठ्या बोटींचा प्रवास ही माझ्या मते बँकॉकच्या सार्वजनिक वाहतुकीतील सर्वांत आनंदाची गोष्ट आहे. बोटीवरील झेंड्याच्या रंगावरून तिचे थांबे ओळखतात: नारिंगी झेंड्याची बोट दिवसभर असते आणि तिचे भाडे कुठेही उतरले तरी सारखेच, तर निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांसाठी असून थोडी महाग आहे. वाहक पत्र्याची लांबट नळी खडखडवत भाडे गोळा करतो. मागच्या बाजूला भिक्खूंसाठी राखलेली जागा असते, तिथे उभे राहू नये. बोट धक्क्याला फार थोडा वेळ टेकते आणि पाण्याबरोबर हलत राहते, म्हणून आईचा हात धरूनच चढावे-उतरावे. दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटीने साथॉर्नच्या धक्क्यावर उतरले की बीटीएसचे सफान ताक्सिन स्थानक डोक्यावरच असते, आणि सियामला गाडी बदलून असोकला परतता येते. संध्याकाळ उलटल्यावर या नेहमीच्या बोटी मिळत नाहीत, एवढे लक्षात ठेवावे.

सेन सेप कालव्यातील बोटी मात्र आपल्या मंडळींसाठी नाहीत. त्या वेगवान आणि स्वस्त आहेत, पण दोर धरून काठावर पाऊल टाकावे लागते आणि कालव्याचे मळके पाणी अडवायला प्रवाशांनाच कडेचा पडदा ओढावा लागतो. साध्या बसही इतक्या कमी दिवसांत वगळाव्यात. त्या वाहनांच्या गर्दीत अडकतात.

जिन्यांची काळजी आपण प्रश्नात व्यक्त केली आहे आणि ती रास्त आहे. बीटीएस सुरू झाली तेव्हा मोजक्याच स्थानकांवर लिफ्ट होत्या. अपंगांच्या चळवळीने न्यायालयात दाद मागितली आणि 2015 मध्ये सर्व स्थानकांवर लिफ्ट बसवण्याचा आदेश झाला. आता लिफ्ट असतात, पण त्या प्रत्येक दाराशी नसतात, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी फलक पाहावा. सियाम ते चित लोम या दोन स्थानकांदरम्यान रेल्वेच्या खालून पादचारी मार्ग आहे, त्यामुळे बाजारपेठेचा तो सगळा भाग रस्त्यावर न उतरता चालता येतो. शनिवार-रविवारच्या चतुचक बाजारासाठी एमआरटीचे कम्फेंग फेत स्थानक घ्यावे. त्याची वाट थेट बाजारातच निघते.

सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत गाड्या खच्चून भरतात. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकात राष्ट्रगीत लागते आणि सगळे जागच्या जागी थांबतात, तेव्हा आपणही थांबावे. गाडीत खाणे-पिणे चालत नाही, त्यामुळे आईंचे डबे हॉटेलवर उघडावेत. रेल्वे मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. आपले विमान सुवर्णभूमीऐवजी डॉन मुआंगला उतरणार असेल, तर तिथून लाल मार्गिकेने क्रुंग थेप अभिवत या मोठ्या स्थानकापर्यंत यावे आणि तिथल्याच बांग सुए स्थानकातून निळ्या मार्गिकेने थेट सुखुमवितला उतरावे.