माझी ॲक्शन हुबेहूब बाबांसारखी आहे. मला प्रोफेशनल क्रिकेटपटू होता येईल का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू पंधरा वर्षांचा, वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात राहतोस. बाबा एकेकाळी गावोगावच्या टेनिस बॉल सामन्यांतले नावाजलेले फास्ट बॉलर. तुझी ॲक्शन हुबेहूब त्यांची, आणि त्यांच्या वाटेनं पुढे जाऊन तुला क्रिकेटवरच पोट भरायचं आहे.

‘हुबेहूब’ या शब्दापाशी मी अडलो. मीही तसाच होतो. वयानं बराच मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यातलं. हरभरा निघाला की गावाशेजारचं एखादं वावर रिकामं व्हायचं. पोरं मधल्या पट्टीवर मुरूम टाकायची, रोलर नसल्यामुळे पाण्यानं भरलेला ड्रम लोळवून ती चोपायची, वर मॅट अंथरायची, आणि खुले सामने सुरू. भोंग्यावर बाबांचं नाव पुकारलं की चहाच्या टपरीवरची माणसं उठून बाउंड्रीला येऊन बसायची. त्यांचा यॉर्कर बॅटखालून कधी गेला ते बॅट्समनला मधली दांडी उडाल्यावर कळायचं. घरात धान्याच्या कोठीवर शिल्डांची रांग होती. मी आठवीत असल्यापासून लोक म्हणायचे, ‘झेरॉक्स हाय बापाची.’ त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं तरंगत होतो.

सोळाव्या वर्षी अमरावतीला जिल्ह्याच्या शिबिरात गेलो. पहाटेची एसटी, ५० किलोमीटर. तिथं पहिल्यांदा लेदर बॉल नीट हातात आला. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं आणि छोट्या कॅमेऱ्यावर माझाच हात मला संथ गतीनं दाखवला. हात खांद्याच्या रेषेत येईपर्यंत कोपरात वाकलेला होता आणि बॉल सुटताना सटकन सरळ होत होता. म्हणजे थ्रो, नियमात न बसणारी फेक. आणि ॲक्शन हुबेहूब बाबांची, म्हणजे ज्या यॉर्करवर आमचं घर नावाजलं होतं, तोही थ्रोच.

याचं कारण समजून घे, कारण ते तुझ्याही हातात असू शकतं. साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास भरतो. हलका असल्यामुळे तो हवेत लवकर मरतो. मग वेग काढायला कोपराचा झटका द्यायची सवय लागते, आणि गावच्या सामन्यात अंपायर आयोजकांपैकीच कुणीतरी असतो, तो कशाला नो बॉल देईल? लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे अडीच पटीहून जड. तोच झटका त्याच्यावर दिलास तर आधी कोपर दुखेल आणि मग अंपायर हात आडवा करेल. नियम असा की, हात खांद्याच्या पातळीवर आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १५ अंशांपर्यंतची सूट आहे. हात मुळातच वाकडा असेल आणि शेवटपर्यंत तितकाच वाकडा राहिला तर तो थ्रो नाही. हे गावात फार कमी लोकांना ठाऊक असतं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ‘मंग मी पंचवीस वर्ष फेकूनच राह्यलो होतो का?’ एवढंच बोलले आणि ताटावरून उठले. त्या रात्री आईसुद्धा कुणाशी बोलली नाही.

सकाळी साडेपाचला त्यांनीच मला उठवलं. हातात बांबूच्या दोन तासलेल्या कामट्या आणि त्यांचा जुना दुपट्टा. माझ्या कोपराच्या दोन्ही बाजूंना कामट्या लावून दुपट्टा घट्ट गुंडाळला. म्हणाले, ‘बॉल मंग. आधी हात.’ धुऱ्यावर बाभळीच्या बुंध्याला चुन्यानं स्टंप काढले होते. पहिल्या दिवशी एकही बॉल बुंध्यापर्यंत धड गेला नाही. बाबा स्क्वेअर लेगला, म्हणजे बॅट्समनच्या बाजूला, उभे राहिले, आणि कामट्या काढल्यावर जेव्हा जेव्हा कोपर वाकलं तेव्हा न बोलता हात वर करायचे. चार महिने हे चाललं. वेग कमी झाला, यॉर्कर तर गेलाच, पण हात सरळ झाला.

पुढे मी अमरावतीकडून आंतरजिल्हा सामने खेळलो, एकोणीस वर्षांखालच्या विदर्भ शिबिरात गेलो, शेवटच्या पंधरांत आलो नाही. नंतर नागपूरला क्लबांच्या गुझदर लीगमध्ये आठ हंगाम काढले. रणजी खेळलो नाही. आज शेती बघतो आणि सकाळी तालुक्याच्या गावी पोरांना शिकवतो. हे सगळं पाहून माझा सल्ला किती घ्यायचा ते तू ठरव.

बापाच्या मागे जाणं म्हणजे बापाची नक्कल नव्हे, हे ज्यांच्याकडून मला पटलं ते कानिटकर बाप-लेक. हेमंत कानिटकर आपल्या अमरावतीत जन्मले. यष्टिरक्षक-फलंदाज, महाराष्ट्राकडून खेळले, नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या कसोटीत ६५ धावा केल्या. त्या कसोटीच्या जेमतेम आठवडाभर आधी मुलगा हृषीकेश जन्मला. तो डावखुरा फलंदाज झाला, ऑफस्पिन टाकू लागला, यष्ट्यांमागे उभा राहिला नाही. जानेवारी १९९८ मध्ये ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध ३१५ चा पाठलाग करताना सकलेन मुश्ताकला मारलेला त्याचा चौकार अजून लोकांना आठवतो. कसोट्या दोघांच्याही दोनच. पण हृषीकेशनं पुढे राजस्थानचा कर्णधार म्हणून २०१०-११ आणि २०११-१२ अशी लागोपाठ दोनदा रणजी जिंकली. खेळ बापाचा आणि खेळण्याची रीत स्वतःची, असं मी त्याकडे पाहतो.

आणि टेनिस बॉलवरून वर जाता येतं का, तर येतं. उमेश यादव खापरखेड्याजवळच्या वलनीचा, वडील कोळसा खाणीत कामाला. लेदर बॉल त्याच्या हातात उशिरा आला. तरी २००८ मध्ये रणजी, २०११ मध्ये कसोटी, आणि ५७ कसोट्यांत १७० बळी. पण त्याचं उदाहरण देऊन तू उशीर करू नकोस. तेव्हाचा विदर्भ वेगळा होता. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून आपण पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्याच वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्या तिसऱ्या वर्षी हर्ष दुबेनं एका हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. आता या संघात शिरायचं म्हणजे अशा गोलंदाजांच्या रांगेत उभं राहायचं. (तुला बहीण असेल तर तिलाही हे उत्तर वाचायला दे. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून टी-२० खेळली.)

आता कामाचं. सगळ्यांत आधी जन्मतारीख तपास. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे होतात आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत वेगळीच तारीख निघते. माझ्या दोन तारखांत सात महिन्यांचा फरक होता, तो मिटवताना एक अख्खा हंगाम हातचा गेला. सोळा वर्षांखालच्या मुलांचा मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरूनही वय बघतात, तेव्हा कुणी ‘वर्ष कमी करून देतो’ म्हणालं तर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस.

सोळाखालचा विजय मर्चंट करंडक तुझ्या हातून जवळपास गेला असं धर. तुझं लक्ष्य एकोणीसखालचा कूचबिहार करंडक आणि विनू मंकड करंडक. त्यानंतर सी. के. नायडू करंडक, भारताचे ते पहिले कसोटी कर्णधार आपल्या नागपूरचेच. निवड चाचणीची बातमी पेपरात एका ओळीत येऊन जाते, म्हणून जिल्हा संघटनेत स्वतः जाऊन नाव-नंबर देऊन ये. आठवड्यातून तीन दिवस तरी लेदर बॉल, तोही जमेल तेव्हा टर्फवर, म्हणजे मॅट नसलेल्या पक्क्या खेळपट्टीवर. उन्हाळ्यात बक्षिसासाठी दहा गावांचे सामने खेळणं बंद कर. तुझ्या वयात अति बॉलिंगनं पाठीच्या मणक्याला बारीक तडा जातो आणि मग कित्येक महिने घरी बसावं लागतं.

पैशाचं विचारलंस म्हणून सांगतो. बीसीसीआयनं २०२१ मध्ये जाहीर केलेल्या दरांनुसार वीसपर्यंत सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ४० हजार, चाळीसच्या वर गेलेल्याला ६० हजार आणि एकोणीसखालच्या खेळाडूला २० हजार रुपये. राखीव खेळाडूंना निम्मे. आकडे मोठे दिसतात, पण ते फक्त खेळलेल्या दिवसांचे. म्हणून बारावी सोडू नकोस.

आणि हे सगळं करण्याआधी उद्या सकाळी बाबांच्या हातात मोबाइल देऊन त्यांना स्क्वेअर लेगला उभं कर आणि सहा बॉल टाक. व्हिडिओ स्लो मोशनमध्ये दोघं मिळून बघा. त्यांना वाईट वाटलं तर त्या दिवशी विषय वाढवू नकोस, रात्रभर वेळ दे. माझे बाबा आता सत्तरीला आलेत. रविवारी माझ्यासोबत मैदानावर येतात, प्लास्टिकची खुर्ची स्क्वेअर लेगला टाकून बसतात, आणि एखाद्या पोराचं कोपर वाकलं की माझ्या आधी त्यांचा हात वर जातो.