झोपेत मेंदूला आवाज ऐकू येतो का? मिक्सरने जाग येत नाही, पण नावाने हाक मारली की येते. मग अलार्म कोणता लावावा?

ऐकू येतो, आणि मेंदू त्यातून निवडही करतो. मी परिचारिका आहे आणि याच गोष्टीवरून मी घरात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

रात्रपाळी संपवून आले की मी स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत झोपत असे. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, मोरीतली भांड्यांची आदळआपट, कशानेही मला जाग येत नसे. पण पलीकडे तापाने फणफणलेली माझी मुलगी नुसती खोकली, तरी मी तिच्या उशाशी पोहोचलेली असे. मोठ्या जाऊबाईंनी यावरून ठरवून टाकले की, मी कामाच्या वेळी झोपेचे सोंग घेते. "लेकीचं बरं ऐकू येतं हिला," असे त्या पाहुण्यांसमोरही म्हणाल्या आणि ते मला फार लागले.

सोंग वगैरे काही नसते. झोपेतही ध्वनी मेंदूच्या श्रवणकेंद्रापर्यंत पोहोचतो. १९६० मध्ये झोपेचे अभ्यासक इयन ओस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांना अनेक नावे ऐकवली, तेव्हा 'के-कॉम्प्लेक्स' ही मोठी मेंदूलहर इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला अधिक वेळा उमटली. उलट, सेकंदाला साधारण ११ ते १६ आवर्तनांच्या 'स्लीप स्पिंडल' लहरी झोप टिकवण्यास मदत करतात. ज्यांच्या मेंदूत त्या अधिक उठतात, त्यांची झोप गोंगाटातही सहसा मोडत नाही, असे २०१० च्या एका अभ्यासात आढळले. हा मेंदूचा गुण आहे, कामचुकारपणा नव्हे. दिवसा झोपणाऱ्या माणसाला सोंगाडे ठरवणे हा सरळसरळ अन्याय आहे, आणि तुमच्या घरात असे कोणी बोलत असेल तर हे उत्तर त्यांना अवश्य वाचून दाखवा. मिक्सर दुपारनंतर लावला तरी चटणी होते.

मात्र जाग आली नाही म्हणजे त्रास झाला नाही, असे समजू नये. वाहनांच्या आवाजाने झोपेतही हृदयाचे ठोके वाढतात. शिवाय गाढ झोपेत जाग येण्यासाठी अधिक मोठा आवाज लागतो.

अलार्मविषयी एवढेच सांगते की, अमेरिकेत मुलांवर झालेल्या एका अभ्यासात धुराच्या अलार्मच्या नेहमीच्या कर्कश आवाजापेक्षा आईच्या आवाजाने कितीतरी अधिक मुले जागी झाली, आणि त्यात मुलाचे नाव घेतले की नाही, याने विशेष फरक पडला नाही.